साहेबाचं बेट

गेली सहा वर्षं मी दर महिन्याला एका बेटाची वाट लावत होते. बेट पुठ्ठ्याचं होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता ते जर्मनीत, डार्मश्टाटच्या एका शांत गल्लीत, आमच्या साहेबाच्या जेवणाच्या टेबलावर मांडलं जायचं. तीन म्हणजे तीन. पाच मिनिटं आधी पोहोचलं तर सायकलला कुलूप लावत, परत काढत, परत लावत वेळ घालवायचा. दारात बूट काढून पाहुण्यांच्या टोपलीतल्या सपाता घालायच्या. माझ्या मापाच्या सपाता त्या टोपलीत सहा वर्षांत आल्या नाहीत.

या देशात मोठी माणसं पुठ्ठ्याचे खेळ खेळतात आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. आमच्या साहेबाकडे अशा खेळांचं एक पूर्ण कपाट आहे, पण लाडका खेळ हाच. त्यात प्रत्येकाला एक बेट मिळतं आणि प्रत्येक जण आपापल्या बेटाचा गव्हर्नर. बेटावर एक डोंगर, एक नदी आणि एक खाडी छापलेली असते. बाकी सगळं मोकळं. त्यात ऊस लावायचा, नीळ लावायची, तंबाखू, कॉफी लावायची, नाही तर सगळ्यात कमी भावाचा मका लावायचा. मग जहाज येतं, त्यातून माणसं उतरतात. माणसं म्हणजे लाकडाच्या छोट्या चकत्या. चकती शेतावर ठेवली की पीक येतं. पीक जहाजात भरून मायदेशी पाठवलं की गुण मिळतात, मागे राहिलं तर कुजतं. मायदेश नेमका कुणाचा, ते नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मधल्या वेळात गोदी बांधायची, वखार बांधायची, चर्च बांधायचं, गव्हर्नरचा वाडा बांधायचा. इस्पितळही बांधता येतं, पण त्याला वाड्यापेक्षा कमी गुण आहेत, म्हणून सहा वर्षांत ते कुणी बांधलेलं मी पाहिलं नाही. शाळा खेळात नाहीच.

चकत्या आधी तपकिरी होत्या. साहेबाच्या बायकोला एकदा ते खटकलं. ती शाळेत शिकवते आणि तिला बऱ्याच गोष्टी खटकतात. तिने एक रविवार खर्च करून, वर्तमानपत्र पसरून, सगळ्या चकत्या निळ्या रंगवल्या. पुढच्या शनिवारी तिने आम्हाला ते सांगितलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत. मी म्हटलं, छान दिसतायत. त्या दिवसापासून आमच्याकडे निळी माणसं उसात राबतात. काम तेच, जहाज तेच.

आता मी का हरत होते ते सांगते. मला खेळ येत नव्हता असं नाही. तिसऱ्याच डावात मला कळलं होतं की कॉफीच्या मागे लागायचं नाही, आधी गोदी बांधायची. पण समोर साहेब होता. इथे साहेबाला नावाने हाक मारतात आणि ‘तू’ म्हणतात. मीही तोंडाने तू म्हणते. हात मात्र अहो-जाहो करतो. नेमक्या वेळी माझा हात साखरेच्या पिंपावरून उठून मक्यावर जायचा, आणि साहेबाचं जहाज भरून निघायचं. तो दोन्ही हात टेबलावर आपटून म्हणायचा, ‘गेनाऊ!’, म्हणजे ‘अगदी बरोबर!’ मग मला माझी चूक समजावून सांगायचा. मी मान डोलवायची. ऑफिसातही तेच चालायचं. माझी कल्पना मी ‘तू मागे म्हणाला होतास ना, तसं’ अशी सुरुवात करून मांडायची, की ती लगेच मंजूर. त्याला असं कधीच काही म्हटल्याचं आठवत नसे, पण तसं तो कबूलही करत नसे.

हे शास्त्र मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, चौतीस वर्षं कोकणात नोकरी. कॉलेजात असताना ते बॅडमिंटनमध्ये जिल्ह्यात पहिले आले होते, तो कप अजून त्यांच्या कपाटात आहे. नोकरीत लागल्यावर रोज सकाळी क्लबवर कलेक्टरसाहेबांबरोबर खेळायला त्यांनाच बोलावणं यायचं. अकरा कलेक्टर आले आणि गेले, अण्णा अकराही जणांकडून हरले. याचा त्यांना अभिमान आहे. “अगं, हरण्यात कसब आहे,” ते सांगतात. “एकवीस-पाच हरलं तर साहेबाला वाटतं, हा बावळट आहे. एकवीस-अठरा हरायचं. साहेबाला घाम आला पाहिजे, पण झोप लागली पाहिजे.” मी लग्न होऊन आले तेव्हा पुण्यात माझी पहिली नोकरी होती आणि मॅनेजरला टेबल टेनिसचा नाद होता. अण्णांचा सल्ला मी मानला, आणि वर्षभरात जर्मनीचं पोस्टिंग मिळालं. सल्ला खोटा आहे असं मानायला मला काहीच कारण नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र अडचण झाली. आमच्या टीमचा टीमलायटर, म्हणजे साहेबाच्या खालचा प्रमुख, नोकरी सोडून आखनला गेला आणि जागा रिकामी झाली. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, मी सकाळी दात घासताना त्या जागेचा विचार करत होते. काम मी आधीपासून करत होतेच, फक्त ते माझं आहे हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि साहेब केक कापता कापता सगळ्यांसमोर म्हणाला, “माणूस पुढचं किती बघतो, ते मला या टेबलावर कळतं. बायोडेटावरून कळत नाही.” माझ्याशिवाय या जागेसाठी एकच माणूस होता, शेजारच्या खोलीतला माझा सहकारी. तोही दर महिन्याच्या त्या शनिवारी यायचा. उंच, शांत, उत्तरेकडचा. तो नेहमी दुसरा यायचा, दोन-तीन गुणांनी.

त्याच सुमारास अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सासूबाई गेल्यापासूनची त्यांची ही पहिलीच फेरी. नवरा त्या शनिवारी कामासाठी ड्युसेलडॉर्फला होता. अण्णांना एकट्याला घरी ठेवायचं म्हणजे ते पुन्हा शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यांची पाहणी करायला खाली गेले असते. मी साहेबाला विचारलं, तर तो आनंदाने म्हणाला, हो, हो, घेऊन ये, चौघं झालो तर डाव छान रंगतो.

अण्णांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि चिवड्याची बरणी घेतली. बसमध्ये मला म्हणाले, “साहेबाच्या घरी खेळायला चाललोय, तर हरायचं. दोघांनीही. लक्षात ठेव.” मी म्हटलं, अहो अण्णा, मला सहा वर्षं झाली.

साहेबाने नियम समजावून सांगितले. त्याला पाऊण तास लागला. तो जर्मनमध्ये सांगत होता, मी मराठीत सांगत होते, आणि अण्णा बेटाचा पुठ्ठा डोळ्यांजवळ धरून बघत होते. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“यात गावठाण कुठे आहे?”

मी भाषांतर केलं. साहेब म्हणाला, गाव नाही, बेट रिकामं आहे.

“रिकामं आहे, हे कुणी लिहून दिलं? पंचनामा झालाय का? आणि गुरचरण?”

साहेबाने खरोखर नियमांचं पुस्तक उघडून शोधलं. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मी कधी शंका घेतलेली नाही. “आल्झो... तर,” तो म्हणाला, “याबद्दल काही दिलेलं नाही.”

“मग ही निळी माणसं कुठून आली?”

“जहाजातून.”

“स्वतः आली, की आणली?”

यावर साहेबाची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती म्हणाली की हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे, त्यांच्या घरात यावर खूप चर्चा झालेली आहे आणि म्हणूनच तिने ती रंगवली. अण्णांनी एक चकती नखाने खरवडली. आत तपकिरी निघाली. त्यांनी ती गुपचूप उलटी करून ठेवली आणि म्हणाले, “असू दे, असू दे. सुरू करा.”

नोकरीत असताना अण्णांच्या तालुक्यात एक खरं बेट होतं. त्यावर दोन वाड्या होत्या, आणि त्या बेटाच्या विकासाची फाईल त्यांच्याकडे होती. धक्का, पाणी, वीज, सगळं त्यांनी वर्षानुवर्षं कागदावर केलं. ते निवृत्त झाले तेव्हा बेटावर अर्धा धक्का झाला होता, त्यालाही होड्या लागत नव्हत्या. चौतीस वर्षं ज्या माणसाला एक खांब उभा करायला सात सह्या लागल्या, त्याला त्या दुपारी सहीशिवाय अख्खं बेट मिळालं. मी हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

पहिल्या दोन फेऱ्या ते बिचकत खेळले. तिसऱ्या फेरीला त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग त्यांनी गोदी बांधली. मग दुसऱ्यांच्या मालाला जहाजात जागा उरणार नाही अशा बेताने स्वतःचा तंबाखू भरला. कुणाकडे किती माणसं आहेत, कुणाचा माल कुजणार आहे, हे त्यांना न बघता माहीत असायचं. “जमाबंदी म्हणजे दुसरं काय असतं!” ते मला म्हणाले. चर्चकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. इस्पितळ मात्र बांधलं, फुकट गुण घालवून. मी म्हटलं, अण्णा, कशाला? तर म्हणाले, “कमिशनर आले तर दाखवायला लागतं.” साहेब खुर्चीच्या कडेवर आला होता. केक तसाच पडला होता. साहेबाचे कान हळूहळू लाल होत होते, आणि तो इतका खूश होता की मी त्याला ऑफिसात तसा कधी पाहिला नव्हता.

शेवटची फेरी आली. अण्णांच्या वखारीत साखर होती आणि खाडीत रिकामं जहाज उभं होतं. साखर भरली की ते जिंकले. त्यांनी पिंपावर बोट ठेवलं. आणि मग मान वर करून साहेबाकडे पाहिलं.

मी शेजारी बसले होते, म्हणून मला ते दिसलं. आधी बोट थांबलं, मग खांदे खाली आले, आणि खिशाला पेन लावलेला एक नायब तहसीलदार खुर्चीत परत येऊन बसला. “पास,” अण्णा म्हणाले. साखर कुजली. साहेब दोन गुणांनी जिंकला. शांत सहकारी दुसरा आला, अण्णा तिसरे, मी शेवटची.

आपल्याकडे अशा वेळी चहा आला असता आणि विषय संपला असता. पण जर्मन माणूस जिंकल्यावरही गणित सोडत नाही. साहेबाने फेरी उलटी मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाला, “साखर भरली असती तर ते जिंकले असते. का नाही भरली?”

“त्यांच्या लक्षात आलं नाही,” मी म्हटलं.

“त्यांचं बोट पिंपावर होतं.”

तेवढ्यात अण्णा, ज्यांना प्रश्न अंदाजाने कळला होता, कचेरीतल्या इंग्रजीत स्वतःच बोलले. सर, घर तुमचं, टेबल तुमचं, मी कसा जिंकू? आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, कौतुकाने, म्हणाले: हिलाही सगळं येतं, मीच शिकवलंय.

साहेबाच्या बायकोने मघापासून पडलेला केक सगळ्यांच्या बश्यांत वाढला. परत येताना बसमध्ये अण्णा खुशीत होते. म्हणाले, “तो उंच मुलगा फार हुशार आहे हं. बघितलंस, कसा हरला?” माझं लक्ष नव्हतं. सोमवारी साहेबाला काय सांगायचं, ते मी जुळवत होते.

सोमवारी साहेबाने मला खोलीत बोलावून दार लावलं. त्याच्यासमोर एक वही होती. सहा वर्षांतल्या प्रत्येक डावाची त्यात नोंद होती, सुबक अक्षरात.

“यातले किती डाव तू मुद्दाम हरलीस?”

मी विचार करत राहिले. एकही नाही म्हणावं, तर मी सहा वर्षं मक्याच्या मागे लागणारी मूर्ख ठरते, आणि मूर्खाला टीम कोण देईल? हो म्हणावं, तर मी सहा वर्षं त्याच्या घरचा केक खाऊन त्याला फसवलं. मी म्हटलं, “बरेचसे.”

“आकडा सांग.”

“सगळे.”

त्याने वही मिटली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो दुखावला होता, आणि मला त्याची मनापासून दया आली. त्या वहीतला साधा आनंद मी त्याच्याकडून काढून घेतला होता. शेवटी तो म्हणाला, “मग शनिवारी पुन्हा खेळू. आपण दोघंच. या वेळी खरं खेळ. मला खरं बघायचंय. त्या जागेचं मी त्यानंतर ठरवेन.”

हे मी अण्णांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. “माझ्यामुळे घोळ झाला. मी येत नाही आता,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “खरं खेळ म्हणतो ना? सगळेच म्हणतात. तू एकवीस-अठरा हर.”

मी शनिवारी गेले. मोठ्या सपाता घातल्या आणि बसले. पहिल्या फेरीत सवयीने हात मक्याकडे गेला, तो मी परत आणला. त्यानंतर मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी गोदी बांधली. जहाजातली माणसं त्याच्या आधी उचलली आणि त्याची शेतं रिकामी ठेवली. त्याची कॉफी दोनदा कुजवली. इस्पितळ बांधलं नाही, चर्च बांधलं नाही, नुसती लूट केली, आणि मला फार मजा आली हे कबूल करायला हवं. निळी माणसं मी हातात येतील तशी उसात ठेवत होते, त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. आजोबांच्या पिढीला ज्यांनी पिळलं, त्यांना त्यात इतका रस का होता, ते मला त्या दुपारी पाच वाजेपर्यंत पूर्ण समजलं. डाव संपला तेव्हा माझे गुण त्याच्या दुप्पट होते. त्याने तीन वेळा मोजले. कान असे लाल झाले होते की बायकोने विचारलं, खिडकी उघडू का. त्याने माझा हात हातात घेतला, छान खेळलीस म्हणाला, वही काढून गुण लिहिले.

घरी अण्णा दार उघडून उभेच होते. “थोडक्यात हरले,” मी सांगितलं. त्यांची झोप उडवायची नव्हती.

पुढच्या महिन्यात शनिवारचं बोलावणं आलं नाही. साहेबाने सांगितलं, घरी रंगकाम काढलंय. मग माझं वार्षिक गेश्प्रेश झालं. ही वर्षातून एकदा साहेबासमोर बसून स्वतःबद्दल ऐकून घ्यायची बैठक असते आणि तिचा एक कागद असतो. मागच्या वर्षीच्या रकान्यात लिहिलं होतं: स्वतःची बाजू पुरेशी ठामपणे मांडत नाही. त्याच्या शेजारी या वर्षीचं: जरा जास्तच आक्रमक, सगळ्यांना बरोबर घेऊन जाण्याची गरज. दोन्ही वाक्यं एकाच अक्षरात. टीमलायटरची जागा त्या उंच, शांत सहकाऱ्याला मिळाली. तो आला तेव्हापासून साहेबाकडून दोन-तीन गुणांनी हरतो आहे. मी त्याचं अभिनंदन केलं, तर तो नम्रपणे हसला. मी सायकल घेऊन नदीच्या बाजूने गेले आणि तिथे एका बाकावर बसून रडले. मला ती जागा हवी होती.

घरी आले तेव्हा अण्णा स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. मी सांगितलं, जागा गेली.

“असं कसं?” त्यांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. “तू थोडक्यात हरली होतीस ना?”

“नाही अण्णा. मी जिंकले होते.”

मला वाटलं, आता ‘मी सांगितलं होतं’ येणार, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

“किती फरकाने?”

“दुपटीने.”

“दुपटीने?” त्यांनी लसणाची ताटली बाजूला सरकवली. “साहेब काय करत होता?”

“मोजत होता. तीनदा मोजलं. कान लाल झाले होते.”

अण्णा उठले, हात धुतले, आमटीखालची शेगडी बंद केली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, पहिल्या फेरीपासून सांग. मी सांगितलं. गोदी, माणसं, कॉफी, सगळं. मध्ये ते एक-दोनदा टेबलावर बोट टेकवून “वा” म्हणाले. सांगून झाल्यावर ते खुर्ची आणखी पुढे ओढून बसले, अकरा कलेक्टरांकडून हरलेले, जिल्ह्यात पहिले आलेले अण्णा.

मग म्हणाले, “ते कानाचं परत सांग.”